नखाएवढा तुकडा

बाई कधी रागवायच्या नाहीत, आणि त्याचीच सगळ्यांना भीती वाटायची.

रिक्षावाला उशिरा आला तर बाई काहीच बोलायच्या नाहीत. रिक्षात बसायच्या, रस्त्याकडे बघायच्या, उतरून पैसे द्यायच्या आणि चालू लागायच्या. तो बिचारा "बाई, चाक बसलं होतं हो" म्हणत मागे मागे यायचा. पण तोच एखाद्या दिवशी वेळेवर आला की बाईंचा चेहरा असा फुलायचा, जसं काही त्याने तापीच्या पुरातून कोणाला तरी ओढून काढलंय. "वा! अगदी वेळेवर! घरचे कसे आहेत? मुलगी शाळेत जाते ना?" होता होता तो रिक्षावाला वेळेच्या आधीच येऊन गोडाऊनसमोर भोंगा वाजवायला लागला. मग बाईंना नवीन काळजी. "ह्या भोंग्यासाठी मी त्याला चुकून काहीतरी दिलेलं दिसतंय," म्हणायच्या. "काय दिलं असेल मी?"

गोडाऊन म्हणजे जळगावचं, सरकीचं. त्याच्या मागच्या दोन खोल्यांत बाईंचा वर्ग भरायचा. भिंतींना ढेपेचा वास होता, तो पोरांच्या कपड्यांना लागून घरापर्यंत यायचा. आजही कुठे ढेपेचा वास आला की मला वाटतं, मागे कोणीतरी विचारणार, "त्याच्या आधी काय झालं?"

मी सातवीत शाळा सोडली. माहेर पिंपळनेरकडचं, तिथून लग्न होऊन जळगावला आले आणि पुढे सुरतेला. इथे उधन्यात राहून आता इतकी वर्षं झाली, तरी परगावी असल्यासारखंच वाटतं. त्यामुळे बाईंच्या विद्येला पुस्तकात काय नाव आहे ते मला नीट सांगता येणार नाही. त्या बडोद्याला शिकल्या होत्या, पुढे परदेशातही जाऊन आल्या होत्या. एवढं शिकलेलं माणूस मुंबई-पुण्याला राहतं. बाई जळगावला भावाकडे परत आल्या आणि आमच्यासारख्यांच्या पोरांमागे लागल्या. त्या वेळी आपल्याकडे अशा पोरांना नावच नव्हतं. याडा म्हणायचे, नाहीतर बाहेरचं लागलंय म्हणायचे. डॉक्टर झोपेचं औषध द्यायचे. खानदेशात हे काम बाईंच्या आधी कोणी केलेलं मला तरी ठाऊक नाही.

मूल असं का करतं हे बाई त्याच्या डोक्यात शोधायच्या नाहीत. त्याच्या आजूबाजूला शोधायच्या. आधी काय झालं, मग त्याने काय केलं, मग त्याला काय मिळालं. बस्स, एवढंच. पण एवढंच धरून त्या आयुष्यभर बसल्या.

माझा मुलगा गोटू तेव्हा सहा वर्षांचा असेल. बोलत नव्हता. ओरडायचा मात्र असा, की गल्लीतली कुत्री गप्प व्हायची. ओरडायचा, ताट आपटायचा, जमिनीवर अंग टाकून द्यायचा. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा मी पदराने डोळे पुसत बाईंना म्हणाले, "फार रागीट शे हो हाऊ. याडा तर नही ना?" घाबरले की माझ्या तोंडातून घरचंच निघतं.

बाई म्हणाल्या, "रागीट मला दिसत नाही. याडा पण दिसत नाही. तुम्हाला डोळ्यांनी काय दिसतं तेवढं सांगा."

"ओरडतो."

"कधी?"

"सारखाच."

"झोपेत?"

"नाही, झोपेत नाही."

"खाताना?"

"खाताना कसा ओरडेल?"

"मग सारखा नाही ओरडत. चला, तेवढं तरी कमी झालं." बाई हसल्या. "शेवटचं कधी ओरडला? त्याच्या आधी काय झालं?"

मी आठवून सांगितलं. मी स्टोव्हपाशी पाठ करून बसले होते. तो ओरडायला लागला. मी दोनदा दटावलं, मग उचलून घेतलं, मग गुळाचा खडा दिला.

"बघा," बाई म्हणाल्या, "मला जर कोणी ओरडल्यावर उचलून घेतलं असतं आणि वर गूळ दिला असता, तर मीसुद्धा काल दिवसभर ओरडले असते."

आमचे हे बाहेर येऊन मला म्हणाले, "ही बाई आपली टिंगल करते." पण मला त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी हसू आलं होतं. गोटूमध्ये काहीतरी शिरलंय असं नाही, तर आमच्या तिघांत मिळून काहीतरी चाललंय, असं मला पहिल्यांदा वाटलं. आणि जे आपल्यामुळे चाललंय ते आपल्याला थांबवताही येईल की.

दिसायला बाई किडकिडीत. केस मानेपर्यंत कापलेले. कडक सुती साडी आणि तिच्यावर पुरुषी पांढरा कोट, दोन मोठ्या खिशांचा. नवीन माणूस त्यांना कंपाउंडर समजायचा, आणि पोरं सुईच्या भीतीने दारातच लोळण घ्यायची, म्हणून बाई दोन्ही तळहात दाखवत यायच्या. गळ्यात पट्ट्याने अडकवलेली पत्र्याची डबी. तिच्यात केळीचे वेफर. जळगावात केळीला काय तोटा? पण बाई अख्खा वेफर कधीच कोणाला द्यायच्या नाहीत. अंगठ्याच्या नखाने त्याचा नखाएवढा तुकडा मोडायच्या आणि पोराने हवं ते केलं, की त्याच क्षणी त्याच्या तोंडात. सोबत "शाब्बास!" लगेच, म्हणजे लगेच. आम्ही आया शेंगा सोलत बसलेल्या असायचो, पोराला तुकडा द्यायला आमचा हात वर यायला उशीर झाला की म्हणायच्या, "आत्ता दिलंत ते त्याने नाक पुसलं त्याबद्दल झालं."

गावात त्यांना 'वेफरवाल्या बाई' म्हणायचे. काही लोक 'सर्कशीवाल्या' म्हणायचे, म्हणजे माकडं शिकवतात तशी पोरं शिकवतात म्हणून. एकदा कोणीतरी हे तोंडावर बोललं, तर बाई शांतपणे म्हणाल्या, "सर्कशीत प्राणी शिकतात हो. मी शिकवते कशी ते बघायला या एकदा."

कोटाच्या डाव्या खिशात चिंचोके असायचे. काहीतरी घडलं की एक चिंचोका उजव्या खिशात जायचा. पोर ओरडलं की एक, किंवा पोराने मान वर करून बघितलं की एक. काय मोजायचं ते रोज सकाळी ठरायचं. बोलता बोलता त्यांचा हात खिशातून खिशात जायचा आणि समोरच्याला वाटायचं, बाईंना खाज सुटलीय. कधीकधी एखादा दिवस असा असायचा, की पोरं शांत आणि तरी चिंचोके चाललेलेच. मी एकदा विचारलं, "बाई, आज काय मोजता?"

"आज माझंच चाललंय. नीट न बघता मी किती वेळा बोलले."

"मग?"

"वाईट आहे," म्हणाल्या, आणि आणखी एक टाकला.

दर गुरुवारी त्या एसटीने धुळ्याला जायच्या. तिथे एका दवाखान्याच्या मागे खोली मिळाली होती. तिथल्याच एका लग्नात बाईंनी चिंचोके काढले, ही गोष्ट त्यांच्या भावाने मला सांगितली. त्यांचा एक मामा होता. मामीने तोंड उघडलं की तो तिचं वाक्य तोडायचा. पंगतीत बसल्या बसल्या बाईंनी तेवढंच मोजलं आणि विड्याच्या वेळी मामासमोर उजवा खिसा रिकामा केला. "मामा, हे एवढ्या वेळा." मामा पान तसंच ठेवून उठला तो पुढे बरीच वर्षं बाईंशी बोलला नाही.

"आमच्या ताईला लहान पोरं कळतात," भाऊ म्हणाले होते. "ती मोठी झाली की कळत नाहीत."

तेव्हा मी हसले होते.

गोटूला बाईंनी मागायला शिकवलं. तोंडाने बोलणं पुढे बघू, आधी हाताने. मी तळहात पसरून धरायचा, गोटूने त्यावर थापटायचं, की लगेच तुकडा. ओरडला, तर काही नाही. रागवायचं नाही, समजवायचं नाही, त्याच्याकडे बघायचंही नाही.

"रागवायचं पण नाही?" मी विचारलं.

"गोटूच्या आई, तुम्ही एरवी दिवसभर कामात असता. रागावता तेव्हा सगळं काम टाकून त्याच्याकडे बघता. मग रागावणं म्हणजेही वेफरच झाला की."

हे वाक्य मी माझ्या संसारात किती वापरलं ते माझं मला माहीत.

आणखी एक गोष्ट त्यांनी आम्हाला आधीच सांगून ठेवली होती. द्यायचं बंद केलं की मूल लगेच गप्प होत नाही. आधी जास्त ओरडतं. "दुकानाचं शटर उघडलं नाही तर गिऱ्हाईक काय करतं? आधी जोरजोरात वाजवतं. मग कंटाळून जातं. आणि तुम्ही नेमकं ते जोरात वाजवत असताना उघडलंत तर? पुढच्या वेळी ते पहिल्यापासूनच तेवढ्या जोरात वाजवणार."

आमच्या घरी ते शटर वाजत होतं तेव्हा सासरे, नाना, दोंडाईच्याकडून आलेले होते. ते कानावर उपरणं गुंडाळून बसायचे. जाताना म्हणाले, "सून, आखाजीले पोऱ्याले लई ये, आनि तठेच ऱ्हाऊ दे. वावरमा बठ्ठं मोकयं शे. वरडू दे त्याले, कोन आयकस तठे?"

म्हणजे अक्षय्य तृतीयेला गोटूला गावी आणायचं आणि तिथेच शेतात मोकळं ठेवायचं. नाना वाईट नव्हते. पण वावरात मोकळं सोडलेल्या पोराला पुढे दोरी लागते, हे मी माझ्या माहेरच्या गावात बघितलेलं होतं. त्या रात्री मी गोटूच्या पायाला हात लावून झोपले.

म्हणून शाळेची गोष्ट आमच्यासाठी एवढी मोठी होती. अशा पोरांची पूर्ण दिवसाची शाळा काढायची, हे बाईंच्या मनात पहिल्यापासून होतं. दोन खोल्यांत किती पोरं मावणार? मुक्ताईनगरहून एक आई यायची, कडेवर तान्हं आणि हाताला मोठी, गोटूसारखीच मुलगी धरून. तिला दाराबाहेर वाट बघत बसावं लागायचं, आत एखादं पोर घरी जाऊन जागा होईपर्यंत. शाळा झाली असती तर त्या मुलीला जागा झाली असती, आणि गोटूला शाळा आहे म्हटल्यावर नानांचं वावर टळलं असतं.

आमचे हे डाळ मिलमध्ये कामाला होते. मिलचे शेठ भला माणूस. कामगाराच्या घरात आजारपण आलं की स्वतः चौकशी करायचे. गोटूचं कळल्यापासून तर ह्यांना बोलावून बोलावून विचारायचे. कसा ओरडतो? किती वेळ? रात्री झोपतो का? बाई त्याला काय देतात? आम्हाला वाटायचं, केवढं मोठं मन. एक दिवस ते म्हणाले, "बाईंना सांग, रस्त्याला लागून माझी जागा पडून आहे. मी शाळा बांधून देतो. फक्त एकदा येऊन बघतो, कसं काय करतात ते."

ह्यांनी धावत येऊन सांगितलं. बाईंनी त्या दिवशी आम्हाला सगळ्यांना अख्खा चहा पाजला. अख्खा म्हणजे, एरवी बाईंचा चहासुद्धा अर्धा कप असायचा.

रविवारची सकाळ ठरली. त्या वेळी रविवारी सकाळी टीव्हीवरच्या मालिकेपायी रस्ते ओस पडायचे, तसा शांत वेळ. आदल्या दिवशी आमचे हे बाईंना म्हणाले, "बाई, उद्या गोटूला आधीच पोटभर खाऊ घालून आणतो. झोपलेला असला तरी बरा."

"झोपलेलं मूल बघायला कोणी येतं का?"

"मग शेठना आधी सांगून तरी ठेवा, की तो ओरडला तरी द्यायचं नाही म्हणून. त्यांना काय माहीत?"

बाईंनी मान हलवली. "सांगून काय होतं? मी मामाला सांगितलं, काय झालं? डोळ्यांनी बघू दे त्यांना. तो ओरडेल, ओरडून थांबेल, मग हातावर थापटून मागेल. हे एकदा बघितलं की मला काही सांगावंच लागणार नाही."

शेठ आले ते जीपने. सोबत दोन-तीन माणसं आणि पेढ्यांचा खोका. पांढरंशुभ्र धोतर, कपाळाला गंध. त्यांनी दारातच चप्पल काढली, हे मला अजून आठवतं. बाकीच्यांनी काढली नव्हती.

गोटू चटईवर बसला होता. एवढी अनोळखी माणसं, एवढे बूट त्याने त्या खोलीत कधी बघितले नव्हते. बाईंनी डबीतून तुकडा मोडला आणि तळहात पुढे केला. गोटूने तळहाताकडे बघितलं, माणसांकडे बघितलं, आणि ओरडायला लागला.

कितीतरी दिवसांत तो असा ओरडला नव्हता. मधल्या काळातलं सगळं साठवून ठेवल्यासारखा. बाईंनी तळहात तसाच धरून ठेवला आणि भिंतीकडे बघत राहिल्या. गोटूने अंग टाकलं. वाटी भिरकावली, ती एका माणसाच्या पायाला लागली. तो म्हणाला, "अहो बाई, द्या ना त्याला काहीतरी!" बाई भिंतीकडेच. दुसरा हसून म्हणाला, "हे शिकवणं चाललंय होय?" आमचे हे माझ्याकडे बघत होते. मी बाईंकडे बघत होते. बाहेर भोंगा वाजला. रिक्षावाला वेळेच्या आधी आला होता.

मी शेठकडे बघितलं आणि मला नवल वाटलं. त्यांनी इतरांसारखे कान झाकले नव्हते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते खाली बसले, धोतर सावरत, गोटूच्या अगदी जवळ. खोका उघडला. पेढा काढला. इतक्या सहज, की जसं काही ते रोजच करतात. आणि हात पुढे केला.

गोटूचा आवाज तेव्हा सगळ्यात वर चढलेला होता.

बाईंनी शेठचं मनगट धरलं.

"आत्ता नाही," म्हणाल्या. रागाने नाही. उशिरा आलेल्या रिक्षावाल्याला पैसे द्यायच्या, तशा शांतपणे.

एक माणूस पुढे आला. "बाई, कोणाचा हात धरलाय कळतंय का?" शेठनी त्याला दुसऱ्या हाताने थांबवलं. पेढा परत खोक्यात ठेवला. उठायला त्यांना वेळ लागला. उभे राहून म्हणाले, "बाई, तुम्ही फार शिकलेल्या आहात. पण रडणाऱ्या लेकराच्या तोंडात गोड घालायचं नाही, अशी शाळा माझ्या हातून नाही बांधली जाणार."

चप्पल घातली. गेले.

जीप वळत होती, तिचा आवाज अजून येत होता. गोटूचा आवाज फाटला, बारीक झाला, थांबला. हुंदके देत तो सरकत सरकत आला आणि बाईंच्या पसरलेल्या तळहातावर त्याने थापटलं.

त्याच क्षणी तुकडा त्याच्या तोंडात होता. "शाब्बास!" बाई म्हणाल्या, नेहमीच्याच आनंदाने. त्या आवाजात तसूभर फरक नव्हता. मग त्यांनी दाराकडे बघितलं. दारात धूळ होती फक्त.

त्यांनी बरोबर केलं का? मला आजही सांगता येत नाही. गोटूचं विचाराल तर बरोबर केलं. शटर पुन्हा तेवढ्या जोरात कधीच वाजलं नाही. आखाजीला आम्ही गावी गेलो. नाना जेवायला बसले होते, ताटात सांजोरी. गोटू त्यांच्याजवळ गेला, त्यांचा हात उलटा करून त्याने त्यावर थापटलं. नानांना काही समजेना. मी म्हणाले, "नाना, तो सांजोरी मागतोय."

नानांनी सांजोरी त्याच्या हातात दिली आणि आतल्या घराकडे तोंड करून ओरडले, "अवो, हाऊ ते मांगस! मन्हाकडे मांगस हाऊ!" त्या दिवशी त्यांनी गोटूला इतक्या सांजोऱ्या दिल्या की बाईंनी बघितलं असतं तर डोक्याला हात लावला असता. वावराचं नाव पुन्हा त्यांनी काढलं नाही.

पण शाळा झाली नाही. बाईंनी शेठचा हात धरला, ही गोष्ट गावात गेली ती वाढत वाढत गेली. पोरांना उपाशी ठेवतात, रडवतात. देणारे दुसरेही होते, तेही यायचे थांबले. शेठनी ह्यांना कामावरून काढलं नाही, ते तसले नव्हतेच. पण पुन्हा गोटूचं कधी विचारलं नाही, आणि ह्यांनाच मिलमध्ये मान वर करून फिरणं जमेना. चुलतभाऊ सुरतेला होता, त्याच्या ओळखीने आम्ही निघालो. निघायच्या दिवशी बाईंनी गोटूला वेफरची अख्खी डबी दिली आणि मला बजावलं, "तुकडे करूनच द्या." त्याचा परिणाम असा, की अजूनही गोटू पोळीसुद्धा नखाएवढी तोडून खातो आणि दुसऱ्याला काही द्यायचं तर तेवढंच देतो.

पुढचं मी ऐकलेलं. गोडाऊनवाल्याला खोल्या परत हव्या झाल्या. धुळ्याची खोलीही सुटली. काही दिवस बाई पिशवी घेऊन पोरांच्या घरोघरी जायच्या. एकदा माहेरी जाताना जळगावच्या स्टँडवर मला ती मुक्ताईनगरची आई दिसली. मुलगी मोठी झाली होती. ओढणीचं एक टोक मुलीच्या मनगटाला आणि दुसरं आईच्या. मी बोलायला गेले नाही. काय बोलणार होते?

मग शेठचा ड्रायव्हर. तो जीप चालवणारा, मुक्ताईनगरकडचाच, एकदा मिलच्या कामाने सुरतेला आला आणि ओळख धरून आमच्याकडे जेवायला. गोटू त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवून गेला. ड्रायव्हर त्याच्याकडे बघत राहिला.

"हा तोच का हो, वहिनी? ओरडणारा?"

"हो, तोच."

"काय सुधारला हो पोऱ्या!" घास तसाच धरून तो म्हणाला, "शेठचा नातू हाये ना वरच्या मजल्यावर, त्याचं काही झालं नाही बघा."

"कोणता नातू?"

"तुम्हाले माहीत नाही? आता लपवून काय करायचं. पहिल्यापासून असाच ओरडतो. घरातली दुसरी कोणी वर जात नाहीत. शेठच जातात, पेढ्याचा खोका घेऊन. ओरडला का पेढा, ओरडला का पेढा. बाईंकडे त्याच्यासाठीच तर आले होते. आधी बघून घेऊ म्हणे, मग सांगू."

आमच्या ह्यांनी हातातली भाकरी खाली ठेवली.

मी खूप दिवस ठरवत होते, बाईंना हे सांगायचं की नाही. सांगून आता काय व्हायचं होतं? पण बाईंना डोळ्यांनी बघितलेलं आणि खरं तेच लागायचं. गोटू सतरा वर्षांचा झाला, साड्यांच्या बाजारात घड्या घालायच्या कामाला लागला, तेव्हा त्याला घेऊन मी जळगावला गेले. पेढे घेतले. चांगल्या गोष्टीचे पेढेच न्यायचे असतात, दुसरं काही मला सुचलं नाही.

बाई भावाच्या घरी वरच्या खोलीत होत्या. दुखणं काय होतं ते त्यांनी सांगितलं नाही. साधी साडी, केस पांढरे. कोट नव्हता, डबी नव्हती. गोटूने साडीची घडी कशी घालतात ते त्यांच्या चादरीवर करून दाखवलं. बाईंचा चेहरा फुलला. "वा! कडा बघा, कडा! हे कोणी शिकवलं? कसं शिकवलं? आधी कुठला भाग शिकवला?" अगदी पूर्वीसारखं. मला वाटलं, राहू दे, नको सांगायला.

पण बाईच म्हणाल्या, "त्या दिवशी जरा थांबले असते ते शेठ, तर बघितलं असतं त्यांनी. जीप वळेपर्यंतसुद्धा थांबले असते तरी." हे त्या इतक्या वर्षांनी असं म्हणाल्या, की रोज म्हणत असाव्यात.

मग मी सांगितलं. वरचा मजला. नातू. पेढ्याचा खोका.

बाईंनी चादरीची घडी हाताने सपाट केली. मग म्हणाल्या, "म्हणजे तो हात रोजचाच होता."

"हो."

"आणि मी तोच धरला. सगळ्यांसमोर." खिडकीबाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं. "गोटूच्या आई, मी भेटेल त्याला विचारत आले, आधी काय झालं, आधी काय झालं. रिक्षावाल्याला विचारलं. त्यांना नाही विचारलं. तो माणूस दारात चपला काढून आत आला, आणि मी त्याला विचारलं नाही, तुमच्या घरी कोण आहे म्हणून. त्या पोराला पेढा नको होता हो. त्याला मी हवी होते."

मी म्हणाले, "बाई, तुम्हाला काय माहीत..."

"बघितलं असतं तर माहीत झालं असतं."

त्यांचा हात डाव्या बाजूला गेला, कोटाच्या खिशाच्या जागी. तिथे खिसा नव्हता. हात साडीवर चाचपत राहिला, मग तसाच रिकामा, उघडा, मांडीवर येऊन पडला.

गोटूने तो उघडा तळहात बघितला. उठला, जवळ गेला आणि त्यावर थापटलं.

बाई एकदम दचकल्या. "अरे! थांब, थांब... गोटूच्या आई, काहीतरी द्या लवकर! लगेच!" मी खोका उघडून पुढे केला. बाईंनी पेढा घेतला, सवयीने त्यावर अंगठ्याचं नख टेकवलं. मग नख काढलं आणि अख्खा पेढा गोटूच्या हातावर ठेवला.

गोटूने पेढ्याकडे बघितलं. त्याचा नखाएवढा तुकडा मोडला आणि बाईंच्या तळहातावर ठेवला.